पुतळाबाईंची हयात आणि बेपत्ता वाय-फाय

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
संगणक व यंत्रसामग्री उपकक्ष,
भिवंडी.

विषय : केंद्रातील लॅपटॉपला स्वतःचा वाय-फाय अडॅप्टर दिसत नसल्याने श्रीमती पुतळाबाई काथोड भोईर यांची हयात सिद्ध होत नसल्याबाबत.

संदर्भ : आमची तीन पत्रे व त्यांस आलेले आपले एक उत्तर, "बंद करून चालू करावा."

महोदय,

माणूस जिवंत आहे हे ओळखण्यास नाकाशी सूत धरले तरी पुरते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. मौजे खारशेत येथील सुविधा केंद्रात त्यासाठी वाय-फाय लागते, आणि ते खंडेनवमीपासून नाही.

दोष सिग्नलचा नाही, हे प्रथमच नमूद करतो. त्याच वाय-फायवर शिपाई धनेश मोबाईलवर क्रिकेट पाहतो. लॅपटॉपच्या उपकरणांच्या यादीतून मात्र अडॅप्टरचे नावच नाहीसे झाले आहे. त्याच्यासोबत ब्लूटूथही गेले. जणू दोघे या केंद्रात कधी रुजूच झाले नव्हते.

पूजेत पाणी सांडले काय, अशी विचारणा आपल्या कक्षातील श्रीमती निवेदिता यांनी फोनवर केली. सविनय खुलासा असा की, लॅपटॉप झाकण मिटून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता व हळदकुंकू पिशवीला वाहिले होते. पंचिंग मशीन व कात्री यांची पूजा उघड्यावर झाली. दोन्ही उत्तम चालू आहेत.

आपल्या उत्तरानुसार लॅपटॉप वारंवार बंद करून चालू केला, म्हणजे झाकण मिटून पुन्हा उघडले. याहून अधिक बंद आमच्याकडे करीत नाहीत. पूर्वीचा संगणक एकदा विश्वासाने पुरता बंद केला होता, तो उठलाच नाही. तेव्हापासून केंद्राला इन्व्हर्टर बसवला असून हा लॅपटॉप आल्या दिवसापासून जागा तरी असतो किंवा डुलकीत तरी. त्यानंतर श्रीमती निवेदिता यांनी इंटरनेटवरून नवा ड्रायव्हर उतरवून घेण्यास सांगितले. सूचना मोलाची आहे. ती अमलात आणण्यास जे लागते, त्यासाठीच हा अर्ज आहे. माझा मोबाईल वायरीने जोडून पाहणार होतो, परंतु खाजगी मोबाईल जोडू नये, असे आपलेच परिपत्रक भिंतीवर लावलेले आहे. ते मीच लावले.

आता पुतळाबाईंविषयी. त्या एकट्या राहतात. वृद्धापकाळाच्या मासिक साहाय्यावर त्यांचा गॅस व रक्तदाबाच्या गोळ्या चालतात. महिनाअखेरपर्यंत हयातीचा दाखला ऑनलाइन न गेल्यास त्यांचे नाव यादीतून कमी होईल. त्या रोज सकाळी येऊन बाकावर बसतात. काल त्यांनी मला सर्वांदेखत विचारले, "भाऊ, मी यं बसलीय, तुमचा चाय पितेय, आन् तुमचे डब्याला मी जित्ती दिसत न्हाय? आदी त्या डब्याचीच नाडी बघा!" त्यांना घेऊन पडघ्याच्या केंद्रावर गेलो, तर तेथे सांगण्यात आले की खारशेतच्या माणसाने खारशेतलाच जिवंत असावे.

यात अतिशयोक्ती वाटल्यास त्यांचे शेजारी श्री. बाळाराम यांचे उदाहरण पाहावे. गेल्या वर्षी यादीत ते मयत झाले. आपण जिवंत असल्याचा अर्ज त्यांनी स्वहस्ते केला. मयताची सही ग्राह्य धरता येत नाही, या शेऱ्यासह तो परत आला. पुतळाबाई तर सही करीत नाहीत, अंगठा उठवतात.

तरी या महिन्यातच माणूस पाठवून अडॅप्टर शोधून द्यावा. ते शक्य नसल्यास, बाई माझ्यासमोर बसलेल्या आहेत एवढे हाताने लिहून देण्याची मला परवानगी असावी. ते मी कोणत्याही ड्रायव्हरशिवाय लिहू शकतो.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
चिंतामणी य. गुप्ते
केंद्रचालक, मौजे खारशेत, ता. भिवंडी
दि. २७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) उपकरणांच्या यादीचे छायाचित्र.
२) पुतळाबाईंचे आजचे छायाचित्र, हातात आजचे वर्तमानपत्र धरून.

ता. क. : अर्ज लिहून होईतो वीज गेली, इन्व्हर्टर उतरला, बॅटरी संपली आणि लॅपटॉप पुरता बंद पडला. वीज आल्यावर चालू केला, तर अडॅप्टर यादीत हजर आहे. पुतळाबाईंचा अंगठा उठला, दाखला गेला. अर्जास जावक क्रमांक पडलेला असल्याने तो तसाच पाठवीत आहे.