प्रॉसरला हात लावायचा नाही

शेनँडोआ, पेनसिल्व्हेनिया
२१ जानेवारी १९२७

प्रिय काझिसदादा,

आधी माफी मागते. शाळा किती लवकर सुटली ते तुला माहीत आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हसू नकोस. हे मशीनवर लिहितेय. शर्टाच्या कारखान्यातल्या ऑफिसच्या बाई जेवणाच्या सुट्टीत टाइपरायटर वापरू देतात. कोंबडी दाणे टिपते तसं एकेक अक्षर टिपतेय. एवढं लिहीपर्यंत माझा पाव खायचा राहिला.

आई बरी आहे. तुझे मोजे विणून झाले. ते माझ्या हातात ठेवते आणि कुठे पाठवते ते विचारत नाही. तू कारखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकतोस तेच बरं. खारवलेल्या कोबीचं पिंप तळाला आलंय. थंडीत बरगडी दुखते का? बाबा आहेत.

आता खरी बातमी. शनिवारच्या बास्केटबॉलच्या सामन्यात तुमच्या टीमच्या डेव्ही प्रॉसरला शून्य मिळालं. बास्केट शून्य, फ्री थ्रो शून्य, पॉइंट शून्य. पेपरात छापून आलंय.

यंदा आपल्या लीगनं नियम बदलला, हे तुला कळलं असेल. आता फाउल करून ज्याला मारलं त्यानंच फ्री थ्रो टाकायचा. टीममागे एकच माणूस सगळे टाकणार, ते बंद. म्हणजे मार तू खायचास आणि पॉइंट प्रॉसरच्या नावावर चढायचे, ते बंद. चार पावलं पळून चेंडू टाकायला त्याला कधी जमलंय? पण तो अजून घाबरला नव्हता. "मला कोण सोडतंय? मारतीलच, आणि मी टाकीनच," असं सगळ्यांना सांगत फिरत होता.

माझ्या शेजारच्या शिलाई मशीनवर मॅहनॉय गावची अ‍ॅग्नेस बसते. तिचा भाऊ ओटो त्यांच्या गावच्या टीमकडून खेळतो. तुझी बरगडी मोडली तो ओटोच. मला आधी त्याचाही राग होता, पण तो निदान समोरून मारतो.

तुला माहीत आहे, मी कुणाशी बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले.

"अ‍ॅग्नेस, तुझ्या भावाला सांग, प्रॉसरला हात लावायचा नाही."

"अगंबाई! आवडतो की काय तुला?"

"नाही. कुणीच लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. नुसतं समोर उभं राहायचं."

तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "पेत्रोनेले, तू दिसतेस गरीब गाय, पण शिंगं बरीच आहेत की."

शनिवारी मॅहनॉयशी सामना होता, गेले बघायला. मैदानाभोवतीच्या तारेच्या जाळीला लागून जागा मिळाली. माझ्या बाजूच्या बायका नेहमीसारख्या हॅटच्या पिना काढून तयार, जाळीला कुणी खेळाडू टेकला की टोचायला. मी पिन काढलीच नाही. प्रॉसर चेंडू घेऊन आला की ओटो दोन्ही हात वर करून समोर उभा. हा डावीकडे, तो डावीकडे. ना ढकलणं, ना ओढणं. प्रॉसर टाकायचा आणि चेंडू कडेला आपटून परत यायचा. शेवटी तो ओरडला, "मार ना लेका!"

ओटो म्हणाला, "नको, आई रागावेल."

वरच्या गॅलरीत खाणीतले लोक हसून लोळायला लागले. एकजण ओरडला, "अरे, कुणीतरी मारा रे बिचाऱ्याला!" मग प्रॉसर स्वतःच ओटोच्या अंगावर जाऊन आदळला, आणि रेफरीनं फाउल प्रॉसरवरच दिला! ओटोनं फ्री थ्रो टाकला. गेला आत. आपलं गाव हरलं. हरू दे. मी एवढं कधी हसले नव्हते, गाल दुखले.

आता जे टाळत होते ते सांगते.

तू गेलास त्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात काय झालं, ते तुला माहीत नाही. बाबा दाढीला बसले होते. प्रॉसरनं पेपर त्यांच्या मांडीवर टाकला. "म्हातारबा, इंग्रजी नाही, पण आकडे तरी येतात ना वाचता? हा मी, आणि हा तुमचा पोरगा, शून्य." सगळे हसले. बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले आणि तुझे बूट दाराबाहेर ठेवले. तुझ्या छातीला पट्टी होती ती दिसली नाही. ते शून्य तेवढं दिसलं.

म्हणून या सोमवारी मी पेपर त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. बाबा बोट ठेवत ठेवत प्रॉसरच्या ओळीवर आले.

"आजारी होता?"

"नाही."

"मग हे काय?"

"बाबा, त्याचे पॉइंट काझिसच्या बरगड्यांचे होते. मार दादा खायचा, चेंडू तो टाकायचा. आता ज्याचा मार त्याचा चेंडू. त्याला कुणी मारलं नाही, संपलं."

त्यांनी त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, तुम्ही कुणाला विचारलंत?"

सूप गार झालं. ते म्हणाले, "पोरी, त्याचा पत्ता दे. मी जातो."

मी म्हटलं, माझ्याकडे नाही.

दादा, मी हे तोंडावर खोटं बोलले आणि मला गोड लागलं. तेव्हापासून खाणीतून आले की, हात धुवायच्या आधी विचारतात, "काही कळलं?" मी नाही म्हणते. आई ऐकते आणि सूप वाढते. प्रॉसरचं शून्य एका रात्रीचं होतं. बाबांनी त्यांचं शून्य रोज थोडं थोडं खायला हवं.

पण बरगडी तुझी मोडली होती, माझी नाही. तू "दे" म्हणालास तर देईन. नाही म्हणालास तर विचारू देत. मला घाई नाही.

तुझ्या बाजूची,
पेत्रोनेले

ता. क. आत्ता खिडकीत सगळ्या धावल्या. ट्रॉली रुळावरून घसरून थेट बेकरीत घुसलीय. कुणाला लागलं नाही, पण ड्रायव्हर पिठानं पांढरा झालाय आणि— भोंगा झाला, सुट्टी संपली, पळते.