दीपगृहाखालची भाकरी

माळेगाव, मे १९९६, मंगळवार संध्याकाळ

रत्नागिरीहून येऊन दोन दिवस झाले, तरी घरात विषय एकच, माझी करपलेली भाकरी.

सहलीला जातानासुद्धा आम्ही बायकांनी पीठ, तवा, स्टो बरोबर घ्यायचा. समुद्रात घुसलेल्या त्या टोकावर पुरुष दीपगृह चढायला गेले आणि आम्ही खाली भाकऱ्या थापत बसलो. दार पाचला बंद होणार होतं. मग आम्ही कधी चढायचं? मी भाकरी तव्यावर तशीच सोडून उठले आणि चढले.

वर वारा नुसता पदर ओढत होता. तिन्ही बाजूंनी पाणी. आमच्या उजनी धरणाला निदान पलीकडचा काठ दिसतो. इथं काहीच नाही! किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक.

चुकलं का माझं? एक भाकरी करपली. तीही मीच खाल्ली.

आज सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "भाकरीचा कोळसा झाला आन् ही बया वर!"

"व्हय, गेले हुते," मी तिथंच म्हटलं. "परत जाईन."

शेजारीण गेल्यावर सासूबाई हळूच स्वयंपाकघरात आल्या. "वरनं काय दिसतं गं?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, "फुडच्या खेपेला स्टो घरी ठिवू, आत्याबाई. तुमीच चढून बघा."