सामंतांचा सोनेरी रंग

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

सकाळी फोंडाघाटहून निघालो आणि जेवणाच्या वेळेला इथे पोहोचलो. विजयदुर्गच्या अलीकडचं गाव, गावाच्या टोकाला सामंतांचं घर, मागे उतारावर आंब्याची कलमं आणि माड, आणि त्याखाली समुद्र. मला माडीवरची खोली मिळाली आहे. टेबल, पंखा आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. कोल्हापूरच्या स्टुडिओत सहा वर्षं नवऱ्यामुलींचे गाल गुलाबी करून कंटाळलो होतो. आता दीड महिना फक्त माणसं, माती आणि पाणी. खूश आहे.

काम गौरजा सामंतने दिलं. ती पणजीत असते. तिचे बाबा दत्ताराम सामंत हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि हौसेने फोटो काढायचे. २०१३ च्या मे महिन्यात ते मासे धरायला कातळावर गरी घेऊन गेले, पाय घसरून समुद्रात पडले आणि सापडले नाहीत. मागे चार हजारांवर रॉ फोटो राहिले. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं कच्चं चित्र, त्यावर रंग आपण चढवायचा. तेव्हाच्या प्रोग्रॅमपेक्षा आताचे खूप पुढे गेलेत, म्हणून गौरजाला सगळे नव्याने करून हवेत. जानेवारीत पणजीत प्रदर्शन आहे. मी केलेलं काम नेट आलं की आपोआप तिच्याकडे जातं, म्हणजे तिला तिथे बसून बघता येतं.

घरात दोनच माणसं. गौरजाची आई विमलाकाकी, प्राथमिक शाळेत बाई होत्या, यंदाच निवृत्त झाल्या. आणि त्यांचा धाकटा भाऊ बाबलीमामा, बाग तो बघतो. सोमवार म्हणून आज वालीची भाजी आणि सोलकढी होती. काकींनी दोनदा वाढलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

ही वही रंगांच्या नोंदींसाठी आणली होती, तिची रोजनिशी होऊ लागली आहे.

सामंतांनी स्वतः रंगवलेल्या जुन्या प्रतीही गौरजाने दिलेल्या डिस्कवर आहेत. सगळ्या सोनेरी. भाताचे कुणगे, देवळाची पायरी, माणसांची तोंडं, सगळ्यावर मध ओतल्यासारखा. सुंदर दिसतं, पण चार फोटो पाहिले की डोळे जड होतात.

माझं पहिलं काम पाहून काकी हसल्या. म्हणाल्या, ही आमच्या अंगणातली माती नव्हे, कुठल्या तरी सिनेमातली आहे. खरं होतं. सावल्यांत निळा-हिरवा आणि कातडीला नारंगी ही स्टुडिओतली सवय हातातून जात नव्हती. मग अंगणातून तांबड्या चिऱ्याच्या दगडाचा एक तुकडा आणून टेबलावर ठेवला आणि त्याकडे बघून तांबडा लावला. नारंगी उतरवला. पोफळीचा हिरवा थोडा थंड केला. समुद्राला निळा अजिबात दिला नाही, तो इथे राखाडीच आहे. सावल्या उजळल्या, पण त्यांचा गारवा राहू दिला.

संध्याकाळी एकूण तीस फोटो पाहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा वाटलं की मला काय आवडतं ते मला माहीत आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दुपारी पडवीत जेवत होतो. माकडांचा कळप शहाळ्यांवर आला. बाबलीमामा ताटावरून उठून धावला. बाकीची पळाली, एका माकडिणीचा पाय कुंपणाच्या जाळीत अडकला. मामाने नारळ सोलायची पहार जमिनीतून उपसली आणि तिच्या डोक्यात घातली. ती पहिल्याच घावाला गेली. तो थांबला नाही. तोंड राहिलं नाही तरी मारत होता, शांतपणे, लाकूड फोडावं तसा. काकी उठल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा पहार खाली आली.

त्याने हात धुतले आणि उरलेला भात संपवला. मला म्हणाला, इथे राहायचं तर हे बघायची सवय कर.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज एक गोष्ट दिसली आणि पुढे काम झालं नाही.

२०१२ च्या गौरीपूजनाचा फोटो. विमलाकाकी हिरव्या साडीत, हातात आरतीचं तबक. सामंतांच्या प्रतीत त्यांचा चेहरा समईसारखा उजळलेला. मी तोच रॉ उघडला आणि माझे रंग लावले. डाव्या डोळ्याखाली निळसर-पिवळा डाग. मानेवर एका ओळीत चार ठिपके, बोटांच्या अंतराने. आधी वाटलं कॅमेऱ्याचा दोष. पुढच्या फोटोतही तेच, त्याच्या पुढच्याही.

सोनेरी चढवला की निळा मरतो. आमच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मग मुद्दाम तपासलं. काकी ज्यात नाहीत त्या फोटोंवर सोनेरी हलका आहे. त्या आहेत तिथे दुप्पट, तिप्पट. इतके दिवस मी ह्याला त्या माणसाची आवड समजत होतो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

तीन दिवस फक्त काकींचे फोटो उघडून बघतो आहे. फुटलेला ओठ. फडक्यात बांधलेली करंगळी. विहिरीवर पाणी काढताना पाठमोऱ्या, ब्लाउजच्या वर पट्ट्याचा लांब वळ, ताजा, कडेला रक्त साकळलेलं. हा फोटो त्यानेच काढला आहे. मारलं, आणि मग उजेड बरा आहे म्हणून कॅमेरा आणला. एका फोटोत चौदा वर्षांची गौरजा आईच्या शेजारी उभी आहे आणि आईचा पदर मुठीत घट्ट धरला आहे.

हे फोटो वेगळे ठेवले. प्रदर्शनात कसे लावणार? आणि सोनेरी करून लावायचे तर मीही त्याच्याच ओळीत बसलो.

जेवताना धीर करून विचारलं, सामंतसर रागीट होते का. काकी आमटी वाढत होत्या. म्हणाल्या, बांगडा गार होतो आहे. बाबलीमामा मात्र ताटातून वर बघून बोलला.

"मेलेल्याचे फोटो कित्या उकरतंस रे?"

सोमवार, २५ नोव्हेंबर

दार आतून लावून लिहितो आहे.

शेवटचं फोल्डर. कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्यातल्या कार्डावरून गौरजाने न बघता उतरवून दिलेलं, कार्डही सोबत दिलं होतं. तारीख १९ मे २०१३. भर दुपारी काढलेले किल्ल्याचे फोटो, आणि त्यानंतर चौदा काळे. उन्हासाठी लावलेला कॅमेरा तसाच अंधाऱ्या खोलीत नेला की असं होतं. वाया गेलेले म्हणून कोणी पाहिले नसणार. जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यांत काही दिसलंही नसतं. मी सवयीने उजेड वाढवला. एकदम पाच पायऱ्या वर.

खालची, नारळ साठवायची खोली. कॅमेरा सामंतांच्या गळ्यात होता आणि झटापटीत बटण दाबलेलंच राहिलं असावं, सगळे एकापाठोपाठ एक आहेत.

पहिल्या तीनांत त्याची मूठ, मुठीत काकींचे केस. चौथ्यात काकींचं कपाळ भिंतीवर, भिंतीवर ओला डाग. पाचव्यात दार उघडलेलं आणि उजेडात बाबलीमामा. सहाव्यात कोयता. सातव्यात सामंतांचा स्वतःचा हात वर केलेला, दोन बोटं लोंबताहेत. मग छप्पर. मग जमीन. कॅमेरा आडवा पडलेला, आणि त्याचं तोंड भिंगाच्या एक वीत समोर. डोळे उघडे. तो जिवंत होता, तोंडाने काहीतरी बोलत होता.

शेवटच्या चारांत कोयता बाबलीमामाच्या हातात नाही. काकींच्या हातात आहे. दोन्ही हातांनी धरलेला.

जमिनीवर सगळीकडे एक रंग आहे. उजेड वाढवल्याने सावल्या जांभळ्या झाल्या होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. का केल्या? हात आपोआप गेला. तो चिऱ्याचा तांबडा नाही. मला आता कळतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

रात्रभर ठरवत होतो. कोणाला सांगायचं? काकींनी मारलं. पण मी ते वळ पाहिलेत.

सकाळी चहा घेऊन काकी वर आल्या. माझं तोंड पाहिलं, कॉम्प्युटरच्या बंद केलेल्या पडद्याकडे पाहिलं. आजवर माझ्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलणाऱ्या बाई आज मालवणीत बोलल्या.

"माका दाखय."

दाखवले. चौदाही. त्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. शेवटच्या फोटोपाशी पुढे वाकल्या. मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाल्या,

"रगात एवढां तांबडां नाय होतां. काळां होतां."

मग सांगितलं. त्या दुपारी नवरा म्हणाला होता की आता गौरजाही मोठी झाली, तिलाही वळण लावायला हवं. त्यावर काकींनी पहिल्यांदा त्याचा हात धरला. बाबली ओरडा ऐकून आला. त्याचे पहिले दोन घाव. बाकीचे त्यांचे. ते किती, हे त्यांनी मोजलं नाही. पुढचं बाबलीने केलं. प्रेत कुठे नेलं, हे त्यांनी अकरा वर्षांत विचारलेलं नाही.

एकच मागितलं. "गौरजाक ह्यां कळाक नको."

मी शब्द दिला. मनापासून दिला. त्यांच्यासमोर चौदाही फोटो पुसले, कार्डावरून, डिस्कवरून. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली जाऊन तांदूळ निवडायला बसल्या.

बुधवार, २७ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितो आहे.

विसरलो होतो. इतकी साधी गोष्ट. मी रंग दुरुस्त केले तेव्हाच ते फोटो पणजीला जायला निघाले होते. सोमवारी दुपारी नेट चांगलं होतं. मी मंगळवारी पुसले.

गौरजाने आज सकाळी आईला फोन केला. मला नाही, आईला. काकी फोन कानाला लावून अंगणात उभ्या होत्या. मग फोन भावाच्या हातात दिला आणि पायरीवर बसल्या.

मामा वर आला. मी सांगत होतो, मुद्दाम नाही, आपोआप जातं. त्याने ऐकलं नाही. केस धरून जिन्यावरून खाली ओढलं, उजवा हात ओट्यावर ठेवून त्यावर गुडघा दिला आणि कोयत्याच्या उलट्या बाजूने मारलं. बोटांवर. मग मनगटावर. हाड आतून पांढरं दिसलं. मी ओरडत होतो आणि काकी माझ्याकडे बघत होत्या, वर्गात खोटं बोललेल्या मुलाकडे बघावं तशा.

त्यांना वाटतं मी शब्द मोडला.

आता नारळाच्या खोलीत आहे. बाहेरून कडी. वही सदऱ्याच्या आत होती, पेन्सिल वहीत. काकींनी हाताला हळद भरून फडकं बांधलं. बांधताना रडल्या. मी परत सांगितलं. म्हणाल्या, आता काय उपयोग.

दुपारी

बाहेर बोलणं चालू आहे. गौरजा येते आहे. एकटी. पोलिसांना अजून सांगितलेलं नाही, आधी आईच्या तोंडून ऐकायचं आहे म्हणते. काकी भावाला विनवतात, ती माझी मुलगी आहे, मी समजावीन. तो म्हणतो, ती बोलली तर तू आत जाशील आणि मीही जाईन. आणि मग—

"येवंदे तिका. बघतंय मी."

काकी उठून तांदूळ पाखडू लागल्या, सुपाचा आवाज येतो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

उजाडलं. ताप आहे. हात खांद्यापर्यंत सुजला. लिहितो, कोणाला तरी कळावं म्हणून. मी सिद्धेश राणे, फोंडाघाट.

दाराला फट आहे. पडवी दिसते. मामा आतल्या दाराआड उभा. कोयता मांडीला टेकवून. काकी चुलीपाशी.

—

गाडी. बेड्यापाशी, फाटकाबाहेर थांबली.

ओरडलो. गौरजा, आत येऊ नकोस. परत ओरडलो. ती थबकली, मग धावतच आली, आई, आई करत—

मामाने तिचा दंड धरला. तिला भिंतीवर आपटलं. कोयता वर—

काकी. पहार घेऊन. मागून. त्याच्या मानेत. तो वळला, बाय म्हणाला, बहिणीला हाक मारावी तसं, नुसतं बाय. तिने परत मारलं. परत. तो खाली. ती थांबत नाही. आता पाठीवर हात ठेवायला कोणी नाही. गौरजा भिंतीला टेकून खाली बसली आहे, कपाळातून रक्त, पण डोळे उघडे, जिवंत आहे, ती जिवंत—

थांबली. शांत.

गौरजाच्या तोंडावरचे केस बाजूला केले. तिच्याशी काहीतरी बोलते. हळू. ऐकू येत नाही. गौरजा मान हलवते, नाही, नाही. काकीचं बोट माझ्या दाराकडे—

काकी उठली. पहार हातातच.

इकडे येते. गौरजाने पदर धरला आहे, फरफटत मागे येते आहे, आई नको म्हणते आहे.

काकी, मी शब्द मोडला नव्हता. मी खरंच—

कडी