निषेधाचं जाकीट

९ मार्च
नेवाशाहून परत. साडू रामहरी याच्या धनश्रीचा साखरपुडा होता. आजपासून रोजनिशी मोबाईलच्या नोट्समध्ये. वही ज्योती वाचते. मोबाईलला पासवर्ड आहे.

मुद्दा असा. माईकवाल्याने चाळीस जणांची नावं घेतली, प्रत्येकाला शाल-श्रीफळ. बोअरवेलवाला. कोंबडीखाद्याचा डीलर. मंडपवालासुद्धा. मुलीच्या सख्ख्या मावशीचा नवरा गहिनीनाथ, म्हणजे मी: नाव नाही. 'आता आपले सर्वांचे लाडके' असं तो म्हणाला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. लाडके सरपंच निघाले. मी रुमाल शोधत असल्यासारखं केलं आणि बसलो.
जेवताना ज्योतीने विचारलं, डोळे का पुसताय. आमटी तिखट होती.
रामहरी, याचा बदला घेणार. सावकाश, पण घेणार.

११ मार्च
कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एकवीस वर्षं असिस्टंट आहे. बदला विज्ञानानेच घेणार. जाकीट ऑर्डर केलं. पाठीवर एलईडीचा पडदा, मोबाईलवर लिहायचं, ब्लूटूथने पाठीवर सरकत जातं. ज्योती म्हणाली, पंख्याची टोपी, हीटरचे मोजे आणि गाणारा मफलर यांचं आधी काय ते करा. मोज्यांचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं.

२० मार्च
आलं. मराठी चालतं. मजकूर कितीही लांब चालतो, संपला की पहिल्यापासून सुरू. टेस्ट म्हणून 'गहिनीनाथ' लिहून बाल्कनीत अडकवलं. समोरच्या बिल्डिंगमधून वैजनाथचा फोन: कधी गेले, काल तर सावेडी नाक्यावर दिसले होते. मीच बोलतोय म्हणाल्यावर फोन ठेवला.

२ एप्रिल
जाकिटाची चेन लागत नाही. उद्यापासून भात बंद. रोज पाच किलोमीटर चालणं. लग्नात रामहरीसमोर सडपातळ उभा राहणार.

५ एप्रिल
चेन उघडी जास्त चांगली दिसते.

१४ एप्रिल
निषेधाचा मसुदा. ज्योतीला सांगितलेलं नाही. सांगितलं की पाच मिनिटांत नेवाशाला तिच्या बहिणीला कळणार. पंकजाताईंवर माझा राग नाही. त्यांच्या पुरणपोळ्या ज्योतीपेक्षा चांगल्या होतात, हे फक्त इथे लिहितो. राग रामहरीवर. सबंध मांडवात त्याची मान खाली गेली पाहिजे.
मसुदा फायनल: 'सख्ख्या पाहुण्यांना विसरणाऱ्यांचा जाहीर निषेध.'

१८ मे, दुपारी ४
आज लग्न. मसुदा इथेच नोट्समध्ये होता. सिलेक्ट ऑल, कॉपी, पेस्ट, सेंड. दोन सेकंद. लॅबच्या माणसाला हे काम म्हणजे काहीच नाही. गाडीत बंद ठेवणार, मांडवात चालू करणार.

सायं. ६.५०
चालू केलं. उकाडा भयंकर, त्यात पॉवर बँक बरगडीला चटके देतेय. पण परिणाम बघा. मागे वीस-पंचवीस माणसं. मी थांबलो की थांबतात, चाललो की चालतात. मंगलाष्टकं सुरू आहेत आणि निम्म्या अक्षता माझ्याच पाठीवर. एवढीशी ओळ, पण लोक हलायला तयार नाहीत. निषेध इतका भिडेल असं वाटलं नव्हतं.
रामहरी, आता बघ.

सायं. ७.२०
काही गोष्टी कळल्या नाहीत. एका अनोळखी माणसाने मोज्यांचं पुढे काय झालं असं विचारलं. ज्योती उठून लांब जाऊन बसली. रामहरीच्या आई, कडूबाई, जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आमटी लई तिखट हुती व्हय रं बाबा?" कुठली आमटी? अजून पंगत बसायची आहे. वय झालंय त्यांचं.

रात्री ८.४५
विजय. माईकवर माझं नाव. तेही तीनदा. 'सावेडीचे श्री. गहिनीनाथराव यांनी स्टेजवर यावं. ताबडतोब यावं.' पूर्ण उठलो. रामहरीने स्वतः शाल घातली. बाकीच्यांच्या नुसती खांद्यावर ठेवत होता, माझी पाठभर पसरली, दोन्ही टोकं ओढून गळ्याशी गाठ मारली. एवढा मान आज कोणालाच नाही. मग कानाशी येऊन म्हणाला, "पाव्हनं, चुकलं माझं. पर शाल काडू नका तेवढी."
माफी मागितली. मी मोठ्या मनाने दिली. जेवताना शाल काढली नाही.

१९ मे
फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आलाय. पाऊण तासाचा, सगळा माझ्या पाठीचा. सुरुवात: '९ मार्च. नेवाशाहून परत.'
बोअरवेलवाला आहे. मोजे आहेत. पुरणपोळ्या येतात तेव्हा ज्योती उठताना दिसते. निषेधाची ओळसुद्धा येऊन गेली. नेमकी ती आली तेव्हा लोक पाणी प्यायला गेले होते.

ज्योती कालपासून बोलली नव्हती. सकाळी चहा ठेवला आणि म्हणाली, "मला तेव्हाच सांगायचं होतं. मी गेले असते माईकवर, तुमचं नाव घ्यायला."
या वेळी मी रुमाल खरंच शोधला. चहा तिखट नव्हता, त्यामुळे कारणही देता आलं नाही.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. शेवटच्या मिनिटात मी स्टेजवर आहे, लोकांकडे पाठ, एकदम ताठ. शाल पातळ निघाली. मजकूर संपून पहिल्यापासून सुरू झालाय आणि शालीतून हिरवी अक्षरं सरकत जातायत: मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो.