नावाड्याच्या पटाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा कापडावर गोष्टींचे पट रंगवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय व कोणाच्या लाडीगोडीशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे तपासायला डॉक्टरांनी मला शंभरातून सात, मग पुन्हा सात, असं वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत गेले. डॉक्टर स्वतः अठ्ठावन्नाशी अडखळले. तेव्हा माझ्या डोक्याबद्दल पुढे कोणी शंका काढू नये.

मजकूर मी सांगते व वकीलबाई लिहून घेतात. त्या मध्ये मध्ये म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "बाई, मरणार मी, कागद माझा. तुम्ही लिहा. बसवायचं कसं ते मग बघू."

घर आणि ठेवीसाठी मला कागद करायची गरज नव्हती. एकच मुलगी आहे, ते तिचंच आहे. कागद करते आहे तो नावाड्याच्या पटासाठी. तो माझ्यामागे कोणाकडे जाणार आणि अख्खा जाणार की कापून, हे माझ्या हयातीत ठरलं पाहिजे.

कलम १. वरच्या दोन खोल्या व खालचं इस्त्रीचं दुकान मी मुलीला देते. दुकान माझ्या वडिलांचं. सध्या तिथे जो इस्त्रीवाला भाड्याने बसतो त्याला त्याचे हात चालतात तोवर उठवू नये. पुढच्या खोलीच्या मोठ्या खिडकीला पडदा लावू नये. मुलीला पडद्यांची फार हौस आहे हे मला माहीत आहे. तिने ती हौस मागच्या खोलीत भागवावी, कारण तिचा नवरा पुढच्या खोलीत रंगवतो आणि त्याला उजेड लागतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलीला.

कलम ३. माझी शिडी शेजारणीने चार वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेली होती. ती मी तिलाच देते. निदान आता तरी तिला मला बघून जिन्यावरून पळावं लागू नये.

कलम ४. खालील हत्यारं मी माझ्या जावयाला देते: सगळे कुंचले, त्यात खारीच्या शेपटीच्या केसांचे तीन बारीक, ते उधार कोणालाही देऊ नयेत, कापड घोटायचा काळा गुळगुळीत दगड, काजळी धरायची पत्र्याची चिमणी, खळ शिजवायचं जाड बुडाचं पातेलं, रंगाच्या अकरा वाट्या. बारावी फुटली, ती मांजरीने फोडली असं मी मुलीला सांगितलं होतं. मी फोडली.

कलम ५. हत्यारं जावयालाच का, हा प्रश्न नातेवाईक विचारतील. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमचा ग्रह दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील पाट्या आल्या आणि त्याचं काम गेलं. सहा महिने घरात बसून राहिला, कोणाशी धड बोलेना. तेव्हा मीच म्हटलं, "अहो, बसून काय करताय? खळ तरी ढवळा."

तो चाळीस वर्षांचा होता. मला वाटलं होतं, आठ दिवसांत कंटाळेल. पण त्याने वर्षभर नुसती खळ शिजवली, कापडाला लावली, वाळवली, घोटली. दुसऱ्या वर्षी त्याला मी काठाची वेलबुट्टी दिली, तिसऱ्या वर्षी पाणी, झाडं आणि केस. माणसांची तोंडं मी चौथ्या वर्षाआधी कोणाला देत नाही. मी जिच्याकडे शिकले त्या माझ्या आत्यानेही मला दिली नव्हती. त्याने पहिलं तोंड काढलं तो आमचा नावाडी, पुरात सापडलेला. मी म्हटलं, "जावईबापू, हा बुडतोय की साबण विकतोय?" पाट्यांची सवय, प्रत्येक माणूस गिऱ्हाइकाकडे बघून हसायचा. त्याने ते तोंड सतरा वेळा पुसलं. अठराव्या वेळी मी काही बोलले नाही. त्याला कळलं की जमलं, आणि तो बाहेर जाऊन बराच वेळ जिन्यात बसला.

आज तो माझ्याइतकं चांगलं रंगवतो. पाणी माझ्याहून चांगलं रंगवतो. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ६. वकीलबाई म्हणतात की हे कलम नव्हे, ही हकिकत आहे. असू दे. हिच्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही.

माझी आई गेल्यावर अकराव्या वर्षी मी आत्याकडे राहायला गेले. आत्या पट रंगवायची आणि लोकांसमोर उलगडून, काठीने एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची. पटावरच्या प्रत्येक चौकटीला आम्ही घर म्हणतो. तिचा सगळ्यात मोठा पट नावाड्याचा, बेचाळीस घरांचा, सव्वीस हात लांब. नावाडी मीठ आणायला पलीकडच्या काठाला जातो आणि बारा वर्षांनी परत येतो, एवढीच गोष्ट. बारा वर्षं का लागली, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं तर आत्या म्हणायची, "लागली. पुढे ऐका."

मी चौदा वर्षांची झाले तेव्हा आत्याने त्या पटातलं एक घर मला दिलं, एकविसावं. दारात उभी राहून वाट बघणारी नावाड्याची बायको. बाकी सगळा पट आत्याने स्वतः पूर्ण केला होता; तोवर ही गोष्ट ती पटाशिवायच सांगायची. मी त्या एका तोंडावर नऊ दिवस घालवले. पट अंगणात वाळत होता आणि अचानक धुळीचं वारं सुटलं. आत्या आतून ओरडली, "पट उचला!"

पट गुंडाळायचा असतो. दांड्यावर, हलक्या हाताने, आणि ओला असेल तर तसाच उचलून आत न्यायचा असतो. हे मला तीन वर्षं रोज सांगितलेलं. पण मी इस्त्रीवाल्याची पोर. सहाव्या वर्षापासून दुकानात चादरींच्या घड्या घातलेल्या. मी आतेभावाला म्हटलं, "धर ते टोक," आणि माझं टोक घेऊन चालत त्याच्यापर्यंत गेले. चादरीसारखा पट बरोबर मधोमध दुमडला, आणि वर सुरकुती राहू नये म्हणून मधल्या घडीवर तळहात फिरवला. चांगला दाबून.

उलगडला तेव्हा एकविसाव्या घरातलं ओलं तोंड बाविसाव्या घरात उमटलं होतं. बाविसाव्यात नुसती नदी आणि नाव. आता नदीत बाईचं तोंड होतं, उलटं, थोडं फिसकटलेलं. आत्याने माझ्या कानाखाली एक दिली. दुसरी आतेभावाला दिली. पुसायला गेलो असतो तर खालची खळ निघाली असती, त्यामुळे ते तसंच राहिलं.

दुसऱ्याच दिवशी गोष्ट ठरलेली होती. बाविसावं घर उलगडलं आणि पुढे बसलेल्या एका बाईने विचारलं, "पाण्यात कोण आहे हो?" आत्याची काठी त्या घरावरच अडकली. तेव्हा आतेभावाने तिच्या हातातली काठी घेतली. तो सोळा वर्षांचा. आवाज असा की त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तो म्हणाला, "बायको दारात उभी आहे ना, तिचं तोंड नदीने ठेवून घेतलं. नावाडी वल्हं उचलतो, पण त्या तोंडावर वल्हं मारवत नाही त्याला. म्हणून तर बारा वर्षं लागली!"

लोक रडले. आत्याही रडली. त्यानंतर मी त्या पटाच्या जितक्या नकला केल्या त्या सगळ्यांत बाविसाव्या घरात ते तोंड आहे, आणि तसंच फिसकटलेलं आहे. त्या दिवसापासून रंगवायचं मी आणि सांगायचं भोंग्याने, असं ठरूनच गेलं.

कलम ७. नावाड्याचा मूळ पट.

आत्या मरताना आम्हाला दोघांना म्हणाली, "पट दोघांचा. भांडू नका." पहिलं वाक्य दोघांनीही ऐकलं, दुसरं एकानेही नाही.

पट माझ्याकडे राहायचा आणि भोंगा नेऊन गोष्ट सांगून आणायचा. नेता-आणता पट झिजला. अकराव्या घराचे रंग खवले पडल्यासारखे निघायला लागले. एकोणीस वर्षांपूर्वी मी म्हटलं, आता मूळ पट बाहेर न्यायचा नाही, मी नक्कल करून देते. तो भडकला. "माझ्या आईचा पट घरात असताना मी नक्कल घेऊन फिरू? ट्रंकेत ठेवून लोणचं घालणार आहेस का त्याचं? माझा अर्धा मला कापून दे!"

मी म्हटलं, "देईन. मी मेल्यावर."

तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी दोन वर्षं खपून नक्कल केली आणि पाठवली. ती परत आली. दोरीला गाठ माझीच होती, त्याने सोडूनही बघितलं नव्हतं. लग्नाकार्यात समोर आलो तर तो पंख्याकडे बघतो आणि मी चपला शोधते.

मी दिलेला शब्द पाळते. पट मधल्या घडीवर, एकविसाव्या आणि बाविसाव्या घराच्या मध्ये, धारदार कात्रीने कापावा. पहिली एकवीस घरं भोंग्याला, पुढची एकवीस जावयाला. म्हणजे बायको एकाकडे जाईल आणि पाण्यातलं तिचं तोंड दुसऱ्याकडे. मला हे दिसत नाही असं कोणी समजू नये. मला रोज दिसतं. पण अख्खा जावयाला दिला तर आत्याचा शब्द मोडतो, आणि अख्खा भोंग्याला दिला तर तो पाच वर्षांत त्याच्या चिंध्या करील.

जावई हे ऐकून म्हणाला, "आई, त्या घडीवर कात्री चालणार असेल तर मला काहीच नको. अख्खा मामांना द्या. झिजला तर झिजला." मी म्हटलं, "तुम्ही खळ बघा, करपेल." तो दोन दिवस जेवायला माझ्याबरोबर बसला नाही. तरी कलम हेच राहील.

कलम ८. मी केलेली नक्कल, जी परत आली होती, ती जावयाला. तो तीवरच शिकला.

कलम ९. या कागदाने ज्याला जे दिलं ते त्याने नाकारलं किंवा कायद्याने त्याला घेता आलं नाही, तर ते जावयाला जावं. हे कलम वकीलबाईंनी स्वतःहून घातलं. त्या म्हणाल्या, असं घालतातच.

कलम १०. ज्याला या कागदातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याला दिलेलं रद्द होईल. हेही वकीलबाईंचं. साक्षीदार म्हणून डॉक्टर व शाळेतले निवृत्त मास्तर ठरले आहेत.

कलम ११. हे कलम मागाहून जोडलं आहे.

पटाला कात्री लागणार याची कल्पना असावी म्हणून वकीलबाईंनी भोंग्याला पत्र पाठवलं. आज सह्यांच्या वेळी तो आला. त्याचा आवाज आता पूर्वीचा राहिलेला नाही. वकीलबाईंनी सगळा कागद वाचून दाखवला. तो खाली मान घालून ऐकत होता. सहाव्या कलमाला म्हणाला, "सोळा नाही, पंधरा." मला राग आला, पण त्याचं बरोबर असेल.

मास्तरांना यायला उशीर होत होता. दहावं कलम वाचून झाल्यावर त्याने वकीलबाईंना विचारलं, "म्हणजे मी साक्षीदार झालो तर?"

"तर तुमची एकवीस घरं गेली. नववं कलम आहे ना, सगळा पट जावयांकडे जाईल. तुम्ही सही करू नका हं, काका."

"आणि कापायचं?"

"एकाच माणसाकडे गेल्यावर कापायचं कशाला?"

"आणा ते पेन," भोंगा म्हणाला.

मी म्हटलं, "भोंग्या, नाटकं नकोत."

"एकोणीस वर्षांनी तोंड उघडलंस, ते हे बोलायला?"

"मी सातवं कलम खोडणार नाही. आत्याचा शब्द आहे."

"कोण खोडायला सांगतंय? तू दिलंस. आईचा शब्द राहिला. मी घेत नाही. माझी मर्जी."

जावई दारात उभा होता. तो नुसता डोळे पुसत राहिला. वकीलबाईंनी भोंग्याला नियम पुन्हा सांगितला, मग आणखी एकदा सांगितला. मला रडू आलं. हे लिहू नका असं मी वकीलबाईंना आधी म्हटलं होतं, पण लिहा. मास्तर आले तेव्हा मुलीने त्यांना चहा दिला आणि तुमचं काम राहिलं नाही म्हणून सांगितलं.

सातवं कलम जसं आहे तसं ठेवून मी सही करते. माझ्यामागे त्याचं काय व्हायचं ते सगळ्यांना कळलेलं आहे.

ठिकाण: माझी पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: १९ मार्च २०२४, मंगळवार, सकाळचे साडेअकरा

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार १: डॉक्टर (सही)
बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. वजाबाकीचा उल्लेख टाळता आला असता.

साक्षीदार २: आतेभाऊ (सही)
माझ्या मामेबहिणीने माझ्यासमोर सही केली. ही सही केल्यावर मला काही मिळणार नाही हे वकीलबाईंनी मला तीन वेळा सांगितलं आहे. अर्धा पट मी रागाच्या भरात मागितला होता. मला तो अर्धा कधीच नको होता.