एकसष्ट भांड्यांची राज्यघटना

प्रिय रीता,

वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर आपण दोघी एक पाव वाटून खायचो, आठवतं? तू कापायचीस आणि आधी मी उचलायचे; दुसऱ्या दिवशी उलट. हा नियम सिस्टर फिलोमिनांनी घालून दिला, कारण त्याआधी कापायचेही मीच, उचलायचेही मीच, आणि तू रडायचीस. त्या पायरीचा गारवा मला अजून आठवतो. पावाची चव मात्र आठवत नाही, सगळं लक्ष तुझ्या अर्ध्याकडे असायचं.

तुझे गुडघे कसे आहेत? सुनेशी बोलणं सुरू झालं का? दिवाळीत नेलेले डिंकाचे लाडू संपले का? नसतील तर संपव. (आग्रह नाही. पण संपव.) मी बरी आहे, साखर वाढली आहे आणि गावातला मान घटला आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण इथे नेटवर्क फक्त देवळाच्या पायरीवर मिळतं आणि तिथे बापूराव बसलेले असतात.

बापूराव म्हणजे आमचे राजे. नोकरी संपल्यावर मी ह्यांच्या गावी, पोंभुर्ण्याजवळ, राहायला आले तेव्हापासून पाहते आहे. गावाची सामाईक एकसष्ट भांडी आहेत: गंज (म्हणजे आपली पातेली), कढया, पराती, झारे. मोठ्या वस्तीने आणि जंगलाकडच्या टोल्याने, म्हणजे छोट्या पाड्याने, मिळून घेतलेली. लग्न असो की तेरवी, तीच चुलीवर चढतात. किल्ली मात्र तीस वर्षं बापूरावांच्या कमरेला. त्यांना कोणी निवडलं नव्हतं. भांड्यांची खोली त्यांच्या गोठ्याला लागून आहे, एवढाच त्यांचा राज्याधिकार. गेल्या दिवाळीनंतर टोल्यातल्या मंगलीला त्यांनी सांगितलं, भांडी कल्हईला गेलीत. मंगलीने खिडकीतून पाहिलं आणि तडक माझ्याकडे आली. "बाई, भांडे तं आतच हायेत. काऊन खोटं बोलते हा माणूस?"

माझं रक्त उसळलं. (डॉक्टरांनी उसळू देऊ नका म्हटलं आहे.) मला सिस्टरांचा नागरिकशास्त्राचा तास आठवला. त्या म्हणायच्या, अमेरिकेची घटना लिहिणारे फार शहाणे, कारण माणूस चांगला असतो यावर त्यांनी काडीचाही विश्वास ठेवला नाही. (त्यांतले कित्येक स्वतःच गुलाम बाळगून होते, तेव्हा अनुभव घरचाच.) राजाला हाकललं आणि लगेच धास्ती घेतली की आपल्यातलाच कोणी राजा होईल. म्हणून एकाने कायदा करायचा, दुसऱ्याने राबवायचा, तिसऱ्याने तो बरोबर की चूक ते सांगायचं, आणि तिघांनी एकमेकांच्या ताटात बघत जेवायचं. आपला पावाचा नियम तोच होता गं. आपण दोघी केवळ नवव्या वर्षी घटनाकार झालो होतो!

तर मी चावडीवर भाषण केलं. म्हटलं, ज्यांनी त्या भांड्यांत शिजलेलं खायचं, त्यांच्या संमतीशिवाय किल्ली कोणाकडे राहणार नाही. टाळ्या पडल्या. बापूरावांच्या पत्नी सुगंधाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. लगेच पहिली अडचण: वस्तीची घरं नव्वद, टोल्याची अकरा. वस्ती म्हणे, घरटी एक मत. मंगली म्हणाली, "नव्वद हात वर झाले का आमचे अकरा दिसतेत कुठी?" हीच अडचण त्या अमेरिकनांनाही आली होती, भर उन्हाळ्यात खिडक्या लावून महिनोन्महिने भांडले म्हणे. आम्ही दोन तासांत उरकलं, कारण चहा संपला. दोन सभा केल्या. एकीत घरांप्रमाणे मतं, दुसरीत वस्ती आणि टोला सारखेच. दोन्हींनी हो म्हटल्याशिवाय काही होणार नाही.

न्यायाधीश लटारूबाबा, वय चौऱ्याऐंशी, नेमणूक आजन्म. ("आजन्म म्हंजे किती, बाई? मी तं निंगूनच राह्यलो.") आणि किल्लीदार म्हणून प्रजेने, पूर्ण स्वातंत्र्यात, एकमताने कोणाला निवडलं? बापूरावांना! "खोली त्याच्याच गोठ्याले हाये," लोक म्हणाले, "दुसरा कोन उठन पहाटे?" शिवाय न पटलेला ठराव परत पाठवायचा अधिकारही त्यांना दिला. तो मोडायचा तर दोन्ही सभांत दर तिघांतल्या दोघांनी हात वर करायचे.

शेवटी हक्क. मंगली म्हणाली, "झारा हरवला का पयले आमच्याच टोल्यात शोधतेत." म्हणून कलम आठ: कारण दाखवून न्यायाधीशांची परवानगी घेतल्याशिवाय कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरायचं नाही. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. कलम नऊ माझं स्वतःचं: सगळी भांडी मोजून एकसष्ट भरल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही. म्हणजे किल्लीदाराला पुन्हा खोटं बोलायची सोयच नको.

आता मंगलीच्या मुलीचं, दिव्याचं, लग्न आहे, आजपासून सतरा दिवसांनी, चारशे पानं. काल सर्वांसमोर मोजणी झाली. साठ भरली. झाकणाचा मधला गंज नाही. बापूराव किल्ली हातात धरून म्हणाले, "बाई, मी तं आत्ता देतो. पन तुमचंच कलम हाये ना." तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस कायद्याने वागला, आणि चेहऱ्यावर काय समाधान! कलम नऊ स्थगित करायचा ठराव दोन्ही सभांनी काठावर मंजूर केला. बापूरावांनी तो 'नापसंत' अशी सही करून परत पाठवला. तो मोडायला माणसं हवीत, आणि अर्धं गाव तेंदूपत्त्यासाठी जंगलात. लटारूबाबांकडे गेलो. त्यांनी कलम दोनदा वाचून घेतलं. "कलम बराबर हाये," म्हणाले. "लिवणारी येडी हाये. पन तो आपला विषय नाई."

संध्याकाळी मंगली माझ्या पायरीवर येऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "बाई," म्हणाली, "आंधी तो खोटं बोलून देत नवता. आता खरं बोलून देत नाई. माह्या पोरीच्या लग्नाले फरक काय पडला?"

नागरिकशास्त्रात मला शंभरपैकी ब्याण्णव होते.

तुझीच,
मनकर्णा
(सिस्टरांची मोनिका)

ता. क. लाडू ज्या गंजातून नेलेस, तो उलटा करून बघ. तळाशी गावाचं नाव ठोकलेलं आहे आणि आकडा सत्तेचाळीस. दिवाळीत सुगंधाबाईंकडून मी तो मागच्या दाराने आणला होता आणि तुझ्या प्रेमात भरून दिला; कलम नऊ लिहिताना मात्र साफ विसरले. म्हणून त्या पदराआड हसतात. पोत्यात बांधून बसने माझ्या नावावर पाठव; आत लोणचं आहे म्हणून सांग. माझ्या स्वयंपाकघरात कोणी शिरणार नाही, कलम आठ आहे.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. गुपचूप ठेवला तर मोजणी भरेल, लग्न होईल, कोणाला कळणार नाही. पण मग कापणारीही मीच आणि उचलणारीही मीच. तेव्हा पोतं नको. तूच ये, लग्नाच्या आठ दिवस आधी, भर सभेत. गंज बापूरावांच्या हातात दे, सर्वांसमोर. भांडं रिकामं परत करत नाहीत, तर आत दिव्यासाठी साडी ठेव. लटारूबाबांना मऊ बिस्किटं, पण माझा निकाल लागल्यानंतर; आधी दिलीस तर लाच होईल. सुगंधाबाईंना काही नको, त्यांची करमणूक झाली आहे. झाकण माझ्याकडे दे, ते हातात धरून मी उभी राहीन आणि सांगेन. आणि एक पाव आण. कापीन मी. आधी मंगली उचलेल.