तीन ओळींचं कार्ड आणि दोनशे पानी वही

बीडीडी चाळ, वरळी
ता. ८ मार्च १९५९

चि. रामदास यास सुंदराअक्काचा जय भीम.

तुझी तब्येत बरी असेल. नसली तरी तू कळवणार नाहीस, म्हणून बरीच धरून चालते. माझे गुडघे दुखायचे ते दुखतातच. गिरणीने वाइंडिंग खात्यातल्या बायका कमी केल्या त्यात मीही गेले, आता दुपारी हात मोकळे असतात. हे पत्र माझ्या हातचं आहे. साक्षरता वर्गात दोन वर्षं बसले, त्याआधी मला दुसरीतून काढलं होतं (का काढलं ते तुला ठाऊक आहे, तुला शाळेत घालायचं होतं). तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तर आमच्या मंडळाच्या वाचनालयाने पैज लावली आहे. एका महिन्यात कादंबरी लिहायची. दोनशे पानी वही मंडळ देतं, ती भरून आणायची, चांगली असेल ती बुद्धजयंतीला हॉलमध्ये सगळ्यांपुढे वाचणार. सेक्रेटरी बुधाजीने मला वही दिली ती थट्टेनेच, म्हणाला, घ्या मावशी, वाणसामान तरी लिहाल. मी म्हटलं, मेल्या, आता तुझ्या नाकावर टिच्चून लिहिते. वही घेऊन घरी आले नि मग कळलं, लिहायचं कसलं ते ठरवलंच नाही.

बुधाजी म्हणतो संयुक्त महाराष्ट्राची लिहा, नायक मोर्चात छातीवर गोळी झेलतो. मी त्याला सांगितलं, मोर्चात मी होते, धुराने डोळे सुजले, एक चप्पल गेली ती गेलीच, नि छाती काढून उभं राहिलेलं मला कोणी दिसलं नाही, सगळे जीव घेऊन पळत होतो. हे लिहू नका म्हणाला, चळवळीला बरं दिसत नाही. भिंतीपलीकडची कौसल्या म्हणते प्रेमाची लिही, नायिका बंगल्यात राहते नि व्हायोलिन वाजवते. बारा वर्षं नवऱ्याचा मार खातेय ही बाई, नि हिला व्हायोलिन हवं! (तसं तोंडावर बोलले, तर दोन दिवस नळावर माझ्याशी अबोला.) मग म्हटलं खुनाची लिहावी. पण मारावीशी वाटणारी माणसं आठवायला बसले तर वही पुरेना.

शेवटी आपल्याच घरातलं काही सापडतं का बघू म्हणून ट्रंकेतून तुझी कार्डं काढली. नऊ वर्षांची. मला तेव्हा दुकानाची पाटी लागायची, पण तुझं पळतं अक्षर लागायचं नाही. ती सगळी मला चिंतामणीकाकांनी वाचून दाखवलेली (गिरणीतले जुने टाइमकीपर, अख्ख्या चाळीची पत्रं तेच वाचायचे नि तेच लिहायचे). काका वाचायला बसले की माझा चहा गार व्हायचा. अक्का, तुझ्या हातच्या सुक्या बोंबलांची आठवण येते. अक्का, खोकल्याचं औषध घेतलंस का. अक्का, इथे कोणी जेवलीस का विचारत नाही, तूही जेवून घेत जा. मी पदराने डोळे पुसायची. तीन ओळींच्या कार्डातून एवढं बोलणं निघतं कसं, हा प्रश्न मला नऊ वर्षांत एकदाही पडला नाही. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाचं अक्षर दाट असतं.

आता मीच वाचलं. "पत्र पोचले. इकडे सर्व ठीक. ऑफिसच्या पत्त्यावर पत्र घालू नये." दुसरं. "हिच्या माहेरी चाळीविषयी सांगितलेले नाही, तरी येऊ नये." तिसरं. "बोंबील पाठवू नयेत, कचेरीत वास सुटतो." आणि मी चार वेळा पाठवले! प्रत्येक वेळी काका वाचायचे, फार आवडले, आणखी धाड. लोक रस्त्यावर उतरले म्हणून तुझं नागपूर नि माझी मुंबई एका राज्यात तरी आली. तू मात्र एवढाही सरकला नाहीस.

वही तशीच टाकून काकांकडे भांडायला गेले. त्यांना मोतीबिंदूने आता दिसत नाही, पण पावलांवरून ओळखतात. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, सुंदरा, तू वाचायला शिकलीस तेव्हाच मला समजलं, आपलं बिंग फुटणार. मग म्हणाले, तू समोर आशेने तोंड घेऊन बसायचीस, कार्डात होतं तेवढंच कसं वाचणार? मला इतका राग आला की त्यांच्यापुढचा चहा मीच पिऊन टाकला.

कादंबरी कसली ते ठरलं. डाव्या पानावर तुझं कार्ड, उजव्या पानावर काकांनी वाचलेलं. डावीकडची पानं कोरीच राहतात बरीचशी. बुधाजी म्हणतो ही सामाजिक. कौसल्या म्हणते प्रेमाची. दोघंही गाढव आहेत.

वहिनीला व मुलांना आशीर्वाद, त्यांना मी ठाऊक असले तर.

तुझी,
सुंदराअक्का

ता. क. कादंबरीत तुझं नाव बदललेलं नाही. हरकत असेल तर येऊन सांग.

ता. क. दुसरा. बोंबील पाठवले आहेत. कचेरीच्याच पत्त्यावर.

ता. क. तिसरा. परवा तुझं नवं कार्ड आलं. दोनच ओळी. काकांनी विचारलं, रामदास काय म्हणतो? मी वाचायला घेतलं नि माझ्या तोंडून निघालं, "चिंतामणीकाकांना माझा नमस्कार सांग, त्यांच्या डोळ्यांची काळजी वाटते." म्हातारा पदर नाही म्हणून धोतराने डोळे पुसत बसला. त्याला समजलं नसेल असं नाही. तरी पुन्हा वाच म्हणाला. तेव्हा पुढच्या कार्डात एवढी एक ओळ खरोखरची लिही. बाकीचं मी वाचते.